गॅरेज कोणत्या वर्गात बसतं?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ‘लक्षण’ म्हणजे काय ते पाहिलं. न्यायशास्त्र लक्षणाचे तीन दोष सांगतं: अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. आज हीच कसोटी आपल्या बिबवेवाडीतल्या गाडीदुरुस्तीच्या गॅरेजला लावू.

आधी थोडा इतिहास. १८७४ साली अमेरिकेत हेन्री पार्मली यांनी आपोआप उघडणाऱ्या स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं. त्यांना स्वतःचा पियानोचा कारखाना वाचवायचा होता. छतालगत पाण्याची नळी, तिला तोंडं. ज्या तोंडाशी पुरेशी उष्णता पोचते तेवढंच उघडतं. सिनेमात दाखवतात तशी सगळी एकदम सुटत नाहीत. १८९६ साली तिकडे ‘एनएफपीए’ ही संस्था स्थापन झाली आणि नियम लिहिले जाऊ लागले. मग प्रश्न आला, पाणी किती हवं? ते आत काय जळू शकतं यावर ठरतं. त्यातून वर्ग पडले: हलका, साधारण आणि जादा धोका.

दुरुस्तीचं गॅरेज ‘साधारण, गट दोन’ मध्ये येतं. म्हणजे दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे ८ लिटर पाणी. पण त्याच शेडच्या कोपऱ्यात स्प्रे-पेंटिंग सुरू झालं, की तो कोपरा ‘जादा, गट दोन’ मध्ये जातो आणि पाणी लागतं सुमारे १६ लिटर. दुप्पट! बाहेर पाटी मात्र एकच. ‘साधारण’ हे लक्षण जिथं लागू नाही तिथंही लावलं, हीच अतिव्याप्ती.

शेजार किती घातक ठरतो, हे मुंबईनं १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिलं. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र होती. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

वर्गही कायमचे नसतात. आजच्या गाड्यांत प्लॅस्टिक फार, म्हणून एनएफपीएच्या २०२२ च्या नियमांत साध्या पार्किंगलाही गट एकमधून दोनमध्ये नेलं. आपल्याकडे महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. बसवलेली यंत्रणा चालू आहे, असं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. पण चालू असलेली यंत्रणा आजच्या कामाला पुरेशी आहे का, हा वेगळा प्रश्न. गॅरेजच्या माडीवर बिऱ्हाड असेल, तर तो आपणच विचारायला हवा: थिनरचे डबे कुठं ठेवता, आणि वेल्डिंग कुठं करता?

आता तुमचे प्रश्न घेऊ.