एगेरियाबाईंनी पाहिलेला उपासकाळ

उपास म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, निर्जळी की फराळाचा? मग कुणाचा किती कडक याची चर्चा. आज ख्रिस्ती लोकांच्या उपासकाळाबद्दल बोलू या. तो कुणी किती करायचा, याचं उत्तर सोळाशे वर्षांपूर्वी एका बाईने लिहून ठेवलंय.

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून हा काळ सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. दिवस मोजले तर 46 भरतात. पण मधले सहा रविवार उपासाचे नाहीत, म्हणून 40. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. सुरुवातीला मात्र चाळीसाचा नेम नव्हता. कोणी एक दिवस करी, कोणी दोन. इसवी सन 325 मध्ये निकिया गावी बिशपांची सभा भरली, तिच्या ठरावांत चाळीस दिवसांचा उल्लेख येतो.

त्यानंतर साधारण साठ वर्षांनी एगेरिया नावाची बाई युरोपातून जेरुसलेमच्या यात्रेला गेली आणि पाहिलेलं सगळं आपल्या मैत्रिणींना कळवत राहिली. तिथे शनिवार-रविवार सोडून उपास असे, म्हणून तो आठ आठवडे चाले. भाकरी नाही, तेल नाही, फळ नाही. फक्त पाणी आणि पिठाची पातळ पेज. काहीजण रविवारी जेवले की थेट पुढच्या शनिवारीच जेवत. ज्यांना ते झेपत नसे ते मध्ये एकदा जेवत, आणि तेही न झेपणारे रोज संध्याकाळी. एगेरिया स्पष्ट लिहिते, जास्त करणाऱ्याची कोणी वाहवा करत नाही आणि कमी करणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही.

नावं ठेवायची वेळ वेगळ्याच गोष्टीवर यायची. ईस्टरला ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा असेल त्यांची नावं या काळाच्या सुरुवातीला लिहून घेत. पुरुष धर्मपित्याबरोबर येत, बायका धर्ममातेबरोबर. बिशप शेजाऱ्यांना विचारी : याची वागणूक बरी आहे का? आईबापांना मान देतो का? दारू पितो का? (शेजाऱ्यांपासून काय लपणार!) दोष निघाला तर, आधी सुधार मग ये, असं सांगून परत पाठवत. बायकांचीही अशीच चौकशी होई.

ही पत्रं पुढे शेकडो वर्षं विस्मरणात गेली. 1884 मध्ये इटलीतल्या आरेझ्झो गावी त्यांची एक जुनी नक्कल सापडली, तीही अर्धवट.

आज कॅथलिक पंथात पूर्ण उपासाचे दिवस दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही 18 ते 59 वयाच्या माणसांना. आजाऱ्यांना सूट आहे. तरी घरच्या बाईने औषधाच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या आणि त्याला भक्ती म्हणायचं, हे मला पटत नाही.

गुड फ्रायडेच्या रात्रीबद्दल एगेरिया लिहिते : जागरणाची दवंडी त्या रात्री देत नाहीत, कारण लोक थकलेले असतात हे ठाऊक असतं. ज्याला जमेल तो जागतो. ज्याला जमत नाही तो जागत नाही.