नारिंगी पडद्यावरच्या नोट्स

२०२० साली मुलांच्या शाळा-कॉलेजांनी एकदम घरच्या जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकला, तेव्हा आपल्या मंडळातले बरेच आई-वडील धास्तावले होते. "कॉम्प्युटरवर गप्पा मारून कुठे शिक्षण होतं का हो?" असे एका सद्‌गृहस्थांनी मला फोनवर विचारले. मला हसू आले. कारण मी स्वतः तसाच शिकलो, आणि थोडेफार शिकवलेही, तेही १९७७ साली, इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतांच्या मधोमध.

अर्बानाच्या युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयमध्ये 'प्लेटो' नावाची एक यंत्रणा होती. डोनाल्ड बिट्झर या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने १९६० साली तिची सुरुवात केली. कॉम्प्युटरने विद्यार्थ्याला धडा दाखवायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आले तर पुढे न्यायचे, अशी मूळ कल्पना. त्यासाठी बिट्झर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्लाझ्मा डिस्प्लेचा शोध लावला. पुढे आपल्या दिवाणखान्यांत जे सपाट टी.व्ही. आले, त्यांतल्या प्लाझ्मा टी.व्ही.चा हा पूर्वज. १९७२ च्या सुमारास आलेल्या टर्मिनल्सना ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, नारिंगी उजेडाचा पडदा होता, आणि त्याला बोटाने स्पर्श केलेला कळायचा! भारतात तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत होती, हे लक्षात घ्या.

या सगळ्या आखणीत एक गोष्ट कोणाच्या डोक्यात नव्हती : विद्यार्थी एकमेकांशी बोलतील. एक विद्यार्थी आणि एक यंत्र, एवढाच हिशेब होता.

बोलणे सुरू झाले ते एका किरकोळ अडचणीतून. यंत्रणेत चूक सापडली की सगळे जण ती एका सामायिक फाइलमध्ये लिहून ठेवत. पण त्या फाइलमध्ये कोणीही काहीही लिहावे, कोणीही दुसऱ्याचे पुसावे, आणि कोणी लिहिले ते कळू नये, असा कारभार होता. चाळीच्या जिन्यातल्या फळ्यासारखा. १९७३ मध्ये पॉल टेन्झार यांनी यावर तोडगा काढायचे काम डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाला सांगितले. त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याची ओळख आपोआप उमटे, आणि खाली ओळीने उत्तरे लागत. एका नोंदीखाली जास्तीत जास्त ६३ उत्तरे. दुसऱ्याचे पुसता येत नसे. याचे नाव 'नोट्स'. त्याच वर्षी डग ब्राऊनने 'टॉकोमॅटिक' आणले. त्यात पाच जण एकाच वेळी पडद्यावर बोलू शकत, आणि समोरच्याचे एकेक अक्षर टाइप होताना दिसे. त्याचा विचार बदलला की मागे जाणारा कर्सरसुद्धा! १९७६ मध्ये 'ग्रूप नोट्स' आल्या आणि एखाद्या गटाला स्वतःची फाइल उघडता येऊ लागली.

मी आलो त्याच्या पुढच्याच वर्षी. केमिस्ट्रीत एम.एस. करायला, आणि पोटापाण्यासाठी टीचिंग असिस्टंट म्हणून. प्रा. स्टॅन्ली स्मिथ यांनी प्लेटोवर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे धडे तयार केले होते, ते विद्यार्थी करत. मी मात्र वर्गात उभा राहिलो की माझे उच्चार मुलांना कळत नसत आणि त्यांचे मला. "एनी क्वेश्चन्स?" म्हटले की वीस चेहरे घड्याळाकडे. मला वाटे, आपले शिकवणेच वाईट. एकदा तर वडिलांना पत्र लिहायला घेतले होते, की परत येतो म्हणून. ते पाठवले नाही.

वर्गाची नोट्स फाइल उघडली आणि चित्र पालटले. रात्री अकरा-साडेअकराला प्रश्न येऊ लागले. एका मुलीने विचारले, एस.एन.टू अभिक्रियेत रेणू 'उलटा होतो' म्हणजे नक्की काय होते? मी उत्तर लिहिले : जुलैत दादर स्टेशनबाहेर वाऱ्याने छत्री उलटी होते, तसे. मागून येणारा अणू म्हणजे वारा. काड्या त्याच, पण सगळ्या दुसऱ्या बाजूला वळलेल्या. ही उपमा पुस्तकांतही असते हे मला नंतर कळले. दुसऱ्या एकाने त्याखाली लिहिले, की मग छत्रीला काड्यांऐवजी जाडजूड फांद्या असतील तर वारा आत शिरणारच नाही, म्हणून अभिक्रिया मंदावते का? अगदी बरोबर! हे मी शिकवले नव्हते. त्या दोघांनी वर्गात तोंड उघडलेले मी कधी पाहिले नव्हते. मी पत्रात लिहायच्या ओळी विसरलो.

प्लेटोवर काम केलेल्या विद्यार्थ्यांत रे ऑझी नावाचा एक जण होता. नोट्सची कल्पना त्याच्या डोक्यात राहिली. १९८४ मध्ये त्याने कंपनी काढली आणि १९८९ मध्ये 'लोटस नोट्स' बाजारात आले. आपल्यापैकी अनेकांनी ऑफिसात ते वापरले असेल (आणि त्याला शिव्याही घातल्या असतील), पण त्याचे कूळ वर्गखोलीतले आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मी ज्या कंपनीत होतो तिथेही ते आले. पहिले वर्ष छान गेले. दोन प्लांटमधले ऑपरेटर आणि आम्ही केमिस्ट मंडळी मोकळेपणाने लिहायचो. मग वरिष्ठांनी ठरवले, की कोणी किती नोंदी केल्या हे वार्षिक मूल्यमापनात मोजायचे. झाले! नोंदींचा पाऊस पडला, अर्थ एकीतही नाही. त्यातच एका ऑपरेटरचा प्रश्न कागदावर छापून मीटिंगमध्ये फिरवला गेला, "याला एवढंही माहीत नाही?" म्हणून. पुढच्या सोमवारपासून फाइल शांत. मी त्या मीटिंगमध्ये होतो आणि गप्प बसलो, हे आजही बोचते.

याच्या नेमके उलट झेरॉक्समध्ये घडले. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून पाहिले, की ही माणसे मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून जास्त शिकतात. त्यावर त्याचे पुस्तक १९९६ मध्ये आले. नव्वदच्या दशकात कंपनीने 'युरेका' ही यंत्रणा आधी फ्रान्समध्ये सुरू केली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, जाणकारांनी तपासायची, आणि मग ती सगळ्यांना उपलब्ध व्हायची, लिहिणाऱ्याच्या नावासह. पैशांपेक्षा त्या नावाचे मोल मोठे ठरले.

वर्गांच्या बाबतीत 'मूडल'चे नाव घ्यायलाच हवे. ते २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी आणले. ते वाळवंटी भागात वाढले, जिथे शाळा रेडिओवरून भरे आणि अभ्यासाचे साहित्य विमानाने येई. लांबून शिकताना शेजारी कोणीतरी बसलेले असावे, ही ओढ त्यांना कुठून आली ते सांगायला नको. पुढे आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. दीपक फाटक यांनी देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या हजारो शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा घेतल्या, त्यांतही मूडल वापरले गेले. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी तर सर्वांना माहीत आहेतच. पुस्तकांवर क्यू.आर. कोड, शत्रुराष्ट्रांतल्या मुलांची एकमेकांशी ऑनलाइन गाठ, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ! त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

आता नवेच वळण आले आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर प्रोग्रॅमर एकमेकांच्या अडचणी सोडवत. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तिथले नवे प्रश्न झपाट्याने घटले. यंत्राला विचारलेल्या प्रश्नाला कोणी हसत नाही, हे मला पटते. त्या ऑपरेटरला ते हवेच होते. पण त्या प्रश्नाखाली दुसरा मुलगा 'जाडजूड फांद्या' लिहायला येत नाही. आम्ही १९६० च्या 'एक विद्यार्थी, एक यंत्र' या हिशेबावर परत आलो की काय, असे कधी कधी वाटते.

माझी नात अकरावीत आहे. तिच्या केमिस्ट्रीच्या वर्गात नियम आहे : आठवड्याला एक नोंद आणि दुसऱ्यांच्या नोंदींना दोन उत्तरे, त्याला मार्क. ती 'मी तुझ्याशी सहमत आहे' असे दोनदा लिहून मोकळी होते. परवा तिला मी छत्रीची गोष्ट सांगितली. तिने विचारले, "आजोबा, त्या मुलीला किती मार्क मिळाले?" मार्क नव्हतेच, म्हटले. ती जरा थांबली. "मग तिने रात्री साडेअकराला का विचारलं?"