वेस्ट इंडीज विद्यापीठाची बहिःशाल शाखा : कालनिर्णय

वेस्ट इंडीज विद्यापीठाचें लोकशिक्षण इ. स. २००८ च्या मुक्त परिसरापासून सुरू झालें, हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. जमैकांतील मोना येथें १९४८ त लंडनच्या पदव्यांसाठीं शिकविणारें महाविद्यालय निघालें, तेव्हां वैद्यकाचे विद्यार्थी अवघे ३३ होते. पण त्याच सुमारास फिलिप शेरलॉक यांच्या हाताखालीं बहिःशाल विभाग उभा राहिला व निरनिराळ्या बेटांवर निवासी शिक्षक नेमले गेले. जेथें विद्यापीठाची इमारत नव्हती, तेथें हा शिक्षक म्हणजेच विद्यापीठ ! १९४९ त याच विभागानें ‘कॅरिबियन क्वार्टर्ली’ हें त्रैमासिक काढलें. संग्राहकांनीं त्याचे आरंभींचे अंक अवश्य मिळवावे. पुढें १९८० नंतरच्या दशकांत दूरध्वनीवरून वर्ग भरूं लागले. २००८ त या जुन्या शाखेची वारस संस्था आणि दूरशिक्षण केंद्र एकत्र करण्यांत आलीं, इतकेंच. तें नांवही २०२३ त पालटून ‘जागतिक परिसर’ असें झालें.