रशियाविषयक अध्ययन, महाराष्ट्रातील

रशियन भाषा, इतिहास व समाज यांचा महाराष्ट्रातील विद्यापीठीय अभ्यास मुख्यतः मुंबई व पुणे येथे एकवटलेला आहे. मुंबई विद्यापीठात रशियन विभाग आहे; पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत परकीय भाषा विभागाचे वर्ग चालतात. या दोन शहरांपासून दूरचा वाशिम जिल्हा मात्र अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तेथील विद्यार्थ्याचा रशियाशी संबंध बहुधा वैद्यकीय शिक्षणामुळेच येतो. रशियात वर्ग इंग्रजीत चालले, तरी रुग्णाच्या खाटेशी रशियनच बोलावी लागते.

महाराष्ट्राचा रशियाशी परिचय मात्र जुना आहे. पंधराव्या शतकात रशियातील त्व्हेरचा व्यापारी अफानासी निकितीन विकण्यासाठी घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या असदखानाने घोडा हिसकावला आणि धर्मांतराची अट घातली. एका खोजाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. निकितीनच्या टिपणांत बहमनी राज्यातील सरदारांचा थाट व रयतेचे दारिद्र्य शेजारी-शेजारी दिसते. बखरींतून न मिळणारे असे तपशील हेच या टिपणांचे खरे मोल.

विसाव्या शतकात पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी लेनिनग्राडमध्ये पाली शिकवली. लेखक अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन त्यातून आले. २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्य ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.

सोव्हिएत काळात मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी भाषांतरे घरोघरी पोहोचली. अनेकांच्या मनातला रशिया घडला तो वर्गात नव्हे, या पुस्तकांतून. १९९१ नंतर हा ओघ आटला.