बंद घराचा बिनतारी पहारा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील कित्येक कुटुंबांची एक चूल गावी आणि दुसरी गोव्यात, पुण्यात किंवा कोल्हापुरात असते. नोकरीनिमित्त म्हापसा, फोंडा, वेर्णा परिसरात स्थायिक झालेला माणूस गणपतीला आणि मे महिन्यात मूळ घर उघडतो. उरलेले दिवस दाराला कुलूप असते किंवा घरात केवळ वयोवृद्ध आईवडील असतात. अशा घरांसाठी बिनतारी सुरक्षा अलार्म हा आता सहज उपलब्ध असलेला पर्याय आहे. भिंती न फोडता तो अर्ध्या दिवसात बसवता येतो. मात्र पेटी आणून भिंतीवर लावली म्हणजे पहारा सुरू झाला, असे होत नाही. घराची बांधणी, पाऊस, वीज, मोबाईलची रेंज आणि सीमाभागाची स्वतःची गुंतागुंत या साऱ्यांचा विचार त्यात करावा लागतो.

या यंत्रणेचे केंद्र म्हणजे नियंत्रण पॅनेल. घरभर लावलेले छोटे सेन्सर रेडिओलहरींद्वारे पॅनेलला संदेश देतात. पॅनेल सायरन वाजवते आणि सिमकार्ड किंवा वाय-फायच्या मदतीने ठरवून दिलेल्या क्रमांकांवर कॉल, एसएमएस किंवा अॅपवरून सूचना पाठवते. कॅमेरा आणि अलार्म यांत गल्लत होऊ नये. केवळ चित्रण साठवणारा कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, अलार्म घडत असताना हाक मारतो. दोन्ही असल्यास उत्तमच. पण ज्या घरात रात्री कोणी नसते, तेथे आधी अलार्म आणि मग कॅमेरा हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे.

दारासाठी वापरला जाणारा सेन्सर सर्वांत साधा आणि सर्वांत भरवशाचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली शोधलेल्या रीड स्विचवर तो चालतो. काचेच्या बारीक नळीत दोन पातळ धातूच्या पात्या असतात. लोहचुंबक जवळ असताना त्या एकमेकींना चिकटतात आणि चुंबक दूर गेला की सुटतात. सेन्सर चौकटीवर आणि चुंबक दाराच्या फळीवर बसवायचा. दोहोंतील अंतर साधारण एक सेंटीमीटर राहील असे पाहावे. जुन्या घरांची सागवानी दारे पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. मे महिन्यात अचूक बसवलेला सेन्सर जुलैत चुकीचा इशारा देऊ लागतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. लोखंडी जाळीच्या दारावर चुंबकाचा प्रभाव घटतो. तेथे मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवून सेन्सर बसवावा किंवा लोखंडी दारासाठीचा मोठा सेन्सर घ्यावा.

हालचाल टिपणारा सेन्सर, ज्याला बाजारात पीआयआर म्हणतात, तो माणसाच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता ओळखतो. तो सात ते आठ फूट उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यात लावावा. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला अधिक चटकन समजतो. त्यामुळे दारासमोर लावण्याऐवजी दारातून आत जाणारी वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशी जागा निवडावी. खिडकीतून येणारे ऊन, गॅसची शेगडी आणि हलणारे पडदे त्याच्या टप्प्यात नसावेत. कौलारू घरात भर उन्हाळ्याच्या दुपारी बंद खोलीचे तापमान अंगाच्या तापमानाजवळ पोहोचते, तेव्हा या सेन्सरची नजर मंदावते. म्हणून दिवसाच्या पहाऱ्यासाठी एकट्या पीआयआरवर विसंबू नये.

त्याचा खरा उपद्रवी शत्रू चोर नसून पाल असते. भिंतीवरची पाल सेन्सरच्या अगदी भिंगावरून गेली, तर यंत्राला ती माणसाएवढी वाटते. सेन्सरच्या मागील फटी सिलिकॉनने बंद केल्यास मुंग्या आणि कोळी आत शिरत नाहीत. पालीला मात्र आवरता येत नाही. म्हणून एकाच सेन्सरच्या इशाऱ्यावर सायरन न वाजवता थोड्या वेळात दोन इशारे आल्यावरच वाजवण्याची सोय असलेले पॅनेल घ्यावे. मांजर-कुत्रे असलेल्या घरासाठी पाळीव प्राण्यांना वगळणारे सेन्सर मिळतात.

घर पाहून सेन्सर

बेळगावात कॅम्पमधील जुने बंगले, शहापूर, वडगाव, खासबाग भागातील विणकरांची घरे आणि नव्या वसाहतींतील सिमेंटच्या इमारती यांना एकच नमुना लागू पडत नाही. काच फुटल्यास किंवा दारावर घाव बसल्यास इशारा देणारा कंपन-सेन्सर यंत्रमागाच्या घरात निरुपयोगी ठरतो, कारण भिंत दिवसभर थरथरतच असते. निपाणी परिसरातील तंबाखूच्या वखारींत धुराचा सेन्सर लावणे योग्यच, परंतु तंबाखूची धूळ त्यात साचून तो विनाकारण वाजतो. त्याची साफसफाई इतर ठिकाणांपेक्षा वारंवार करावी लागते. मंगलोरी कौलांच्या घरात चोरवाट दारातून असतेच असे नाही. चार कौले सरकवली की माळ्यावर उतरता येते. अशा घरात माळ्यावर एक पीआयआर आणि परसदाराला एक दार-सेन्सर हवाच. पुढच्या दाराला दोन सेन्सर लावून परसदार मोकळे ठेवणारी घरे आश्चर्य वाटावे इतकी आढळतात.

जाड दगडी आणि मातीच्या भिंती रेडिओलहरी शोषून घेतात. डब्यावर छापलेले शंभर मीटरचे अंतर मोकळ्या मैदानातले असते. जुन्या वाड्यात ते तीन भिंतींतच संपते. त्यामुळे पॅनेल घराच्या मध्यभागी, डोळ्याआड आणि हाताला सहज न लागणाऱ्या जागी असावे. दाराशेजारीच टांगलेले पॅनेल आत शिरणारा प्रथम उखडतो. प्रत्येक सेन्सर प्रत्यक्ष जागी धरून चाचणी घ्यावी आणि मगच स्क्रू मारावेत.

परदेशातून येताना नातेवाइकांनी आणलेल्या संचांबाबत एक सावधगिरी बाळगावी. गोव्यातील घरांतही असे संच येतात. भारतात अशा उपकरणांसाठी ४३३ ते ४३४ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याविना वापरता येतात. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही खुला आहे. अमेरिकेत चालणारा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मात्र येथे खुला नाही. त्याला लागूनच आपल्याकडे मोबाईल सेवा चालते. असा संच येथे लावणे नियमाला धरून नाही. स्वस्त संचांचा दुसरा दोष म्हणजे त्यांच्या रिमोटचा संकेत कायम एकच असतो आणि तो सहज नक्कल करता येतो. दर वेळी संकेत बदलणारा किंवा पॅनेल व सेन्सर यांच्यात दुतर्फा संवाद असणारा संच थोडा महाग पडतो, पण फरक मोलाचा आहे.

सिम, वीज आणि पाऊस

अनेक स्वस्त पॅनेल केवळ टूजी जाळ्यावर चालतात. जिओचे टूजी जाळे नसल्याने त्यांचे सिम अशा पॅनेलमध्ये निरुपयोगी ठरते. नवे पॅनेल घेताना ते फोरजी आहे याची खात्री करावी. सलग ९० दिवस कोणताही वापर नसलेले प्रीपेड सिम बंद होऊ शकते आणि रिचार्ज संपले की त्याआधीच बाहेर जाणारे कॉल थांबतात. पॅनेलमधील सिमचा रिचार्ज विसरला जाणे हे यंत्रणा निकामी होण्याचे अगदी सामान्य कारण आहे. बाकी सारे दिवे हिरवे दिसत राहतात आणि कॉल मात्र जात नाही.

वाय-फायवर चालणारा संच बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच जोडला जातो. नव्या राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचेच नाव मोबाईलवर निवडलेले असेल, तर जोडणी होत नाही आणि दोष संचाला दिला जातो. बेळगाव जिल्ह्यात वीजपुरवठा हेस्कॉमकडे आहे. वळिवाच्या वादळात आणि मृगाच्या पावसात वीज जाणे नवे नाही. पॅनेलला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते. इन्व्हर्टरवर राउटर आणि इंटरनेटचे यंत्र दोन्ही न जोडल्यास वीज गेल्याबरोबर पहारेकऱ्याची वाचा जाते. सिम आणि वाय-फाय दोन्ही असलेले पॅनेल म्हणूनच पसंत करावे. विजांच्या कडकडाटापासून बचावासाठी चांगले अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवा.

वापराच्या तीन अवस्था घरातील प्रत्येकाला समजल्या पाहिजेत. घर बंद करून जाताना सर्व सेन्सर जागे ठेवायचे, रात्री घरात असताना केवळ दारे-खिडक्यांचे आणि एरवी यंत्रणा विश्रांतीत. बाहेर पडण्यासाठी आणि आत येऊन संकेतांक दाबण्यासाठी तीस ते चाळीस सेकंदांची सवलत ठेवता येते. वृद्धांच्या घरात ती थोडी अधिक असावी. कारखान्यातून आलेला १२३४ हा संकेतांक पहिल्याच दिवशी बदलावा. कामवाली बाई, भाडेकरू किंवा शेजारी यांना वेगळा संकेतांक द्यावा, म्हणजे कोण कधी आले ते कळते आणि गरज संपल्यावर तो रद्द करता येतो. घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी गळ्यात अडकवण्याचे आणीबाणीचे बटण मिळते. चोरीपेक्षा न्हाणीघरात पाय घसरल्यावर त्याचा उपयोग अधिक होतो. सायरन तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असे ठेवावे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक असतात, शिवाय तासभर कोकलणाऱ्या सायरनकडे दुसऱ्या वेळी शेजारी लक्ष देत नाहीत.

फोन कोणाला लावायचा, हा सीमाभागातील घरमालकांपुढचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे आणि बसवणारे कारागीर त्याविषयी क्वचितच बोलतात. रात्री दोन वाजता म्हापशात मोबाईल वाजतो, बेळगावच्या घराचे परसदार उघडल्याचा संदेश दिसतो आणि माणूस ११२ फिरवतो. तो कॉल गोव्याच्या नियंत्रण कक्षात जातो. ती माहिती पुढे कळवता येते, परंतु मोलाची मिनिटे त्यात जातात. निपाणीच्या उत्तरेस कोगनोळीच्या बाजूला तर घरातला फोनही कधी महाराष्ट्राच्या टॉवरला जोडलेला असतो आणि ११२ चा कॉल शेजारच्या राज्यात लागण्याची शक्यता राहते. म्हणून आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा थेट क्रमांक एसटीडी कोडसह मोबाईलमध्ये साठवावा. बेळगावचा कोड ०८३१ आहे आणि गोव्याचा ०८३२. घाईत एका अंकाने घोळ होतो. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते, तर निपाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या. कोणते ठाणे आपले, हे आधीच विचारून ठेवावे. दीर्घकाळ घर बंद राहणार असल्यास तेथे लेखी कळवणेही हिताचे असते.

पॅनेलमध्ये भरायच्या क्रमांकांत पहिला क्रमांक पाच मिनिटांत घरापाशी पोहोचू शकणाऱ्या शेजाऱ्याचा असावा, दुसरा त्याच गावातील नातेवाइकाचा आणि तिसरा स्वतःचा. पोलिसांचा क्रमांक स्वयंचलित कॉलच्या यादीत घालू नये. ध्वनिमुद्रित आवाज प्रश्नांना उत्तरे देऊ शकत नाही आणि पालीने वाजवलेल्या चार कॉलनंतर पाचवा खरा कॉल कोणी मनावर घेत नाही. शेजाऱ्याला एकट्याने आत शिरू नये, बाहेरूनच पाहावे, दिवे लावावेत आणि पोलिसांना कळवावे, हे स्पष्ट सांगावे. घराचा पत्ता, जवळची खूण आणि मालकाचा क्रमांक मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत लिहून त्याच्याकडे ठेवल्यास ठाण्यात किंवा गस्तीवरील पोलिसांना माहिती देणे सोपे जाते.

महिन्यातून एकदा चाचणी करावी. एक दार उघडून, खोलीतून चालून सायरन आणि कॉल दोन्ही येतात का ते पाहावे. घर बंद असल्यास हे काम किल्ली असलेल्या नातेवाइकावर सोपवावे. सेन्सरच्या बॅटऱ्या वापरानुसार एक ते दोन वर्षे टिकतात. पावसाळी दमटपणात त्यांच्या टोकांवर हिरवट थर साचतो आणि तो कोरड्या कापडाने पुसावा लागतो. गणपतीला घर उघडले की सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलण्याचा शिरस्ता ठेवला, तर वर्षाचा हिशेब चुकत नाही. बदलल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सेन्सरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी.