इंजिनाचा शेवट : भंगारात काय जाते, काय उरते

१/ वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंग गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक वाशीम. तरी या परिसराचा इतिहास दोन रेल्वेमार्गांशी जोडलेला आहे. एक पूर्णा–अकोला मीटरगेज आणि दुसरा कारंजा लाडवरून जाणारा यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज, म्हणजेच आपली ‘शकुंतला’. निवृत्त इंजिनांचे पुढे काय होते, हे या दोहोंच्या निमित्ताने पाहू.

२/ शकुंतलेचा मार्ग किलिक, निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडच्या कापसासाठी उभारला. तिचे झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडले आणि १९२३ पासून धावू लागले. ज्या शहराच्या नावाने कापूस-उद्योग ओळखला जाई, तिथलेच हे इंजिन! १५ एप्रिल १९९४ रोजी ते थांबले व डिझेल इंजिन आले.

३/ मीटरगेजची कथा निराळी. तिथले प्रमाण प्रवासी इंजिन म्हणजे वायपी. १९४९ ते १९७० या काळात अशी ८७१ इंजिने भारतीय रेल्वेसाठी तयार झाली. त्यांतली बरीच जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात. मार्गाचे रुंदीकरण झाले की मीटरगेज इंजिन त्या मार्गापुरते निरुपयोगी ठरते, मग त्याची प्रकृती कितीही ठणठणीत असो. पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला.

४/ इंजिन मोडीत काढण्याची रीत ठरलेली असते. सेवाकाल संपला की तपासणी होते आणि इंजिन ‘कंडेम’ ठरते. डिझेल इंजिनाचे आयुष्य साधारण ३६ वर्षे, विजेच्या इंजिनाचे ३५ वर्षे धरले जाते. कामाचे सुटे भाग काढून घेतात. उरलेल्या सांगाड्याचा ‘लॉट’ पडतो आणि लिलाव होतो.

५/ यानंतर गॅस कटर चालतो. पोलाद एकीकडे, तांबे, पितळ, गनमेटल दुसरीकडे, कारण त्यांचा भाव वेगळा. इथेच इंजिनाची ओळख पुसली जाते. कालपर्यंत ज्याला क्रमांक होता, शेड होते, ठरलेला ड्रायव्हर होता, ते आता टनांत मोजले जाते.

६/ या कामाची किंमत माणसेही मोजतात. वाफेच्या इंजिनांत उष्णता टिकवण्यासाठी बॉयलरभोवती ॲस्बेस्टॉसचे वेष्टन घालण्याची पद्धत होती. ते फोडताना सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत जातात आणि आजार कित्येकदा काही दशकांनी उघड होतो. तोवर तो मजूर कुठल्या यार्डात काम करत होता, याची नोंद कोण शोधणार?

७/ पोलादी भंगार भट्टीत जाते. आपल्या शेजारचे जालना अशा भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे भंगार वितळवून बांधकामाच्या सळया होतात. वितळलेल्या लोखंडाला पूर्वजन्म विचारता येत नाही.

८/ हे आजचेच नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे ही पहिली प्रवासी गाडी तीन इंजिनांनी ओढली. जीआयपी रेल्वेची ती सुरुवातीची इंजिने इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत घडलेली. त्यांतले एकही आज शिल्लक नाही.

९/ मग उरले कोण? १८५५ची ‘फेअरी क्वीन’ उरली, कारण निवृत्तीनंतर ती हावड्याला शोभेसाठी उभी राहिली व पुढे चंदौसीच्या प्रशिक्षण शाळेत गेली. घाटात मालगाड्या ओढणारे विजेचे ‘सर लेस्ली विल्सन’ आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याला मुंबईच्या गव्हर्नरचे नाव होते. नावाला, मानाला जागा मिळाली. नुसता क्रमांक असलेली शेकडो इंजिने काट्यावर चढली.

१०/ म्हणून संग्रहालयातले इंजिन पाहताना सावध राहावे. ते आपल्या काळाचे प्रतिनिधी असतेच असे नाही. ते अपवाद असते. वऱ्हाडचा कापूस आणि माणसे ज्यांनी वाहिली त्या इंजिनांचा इतिहास लिहायचा, तर लोखंड हाती लागणार नाही. शेडच्या नोंदवह्या, लिलावाच्या याद्या आणि निवृत्त फायरमन-ड्रायव्हरांच्या आठवणी हीच आता साधने. त्यांतल्या आठवणी सर्वांत आधी संपतील. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर इंजिनाचा क्रमांक, शेडचे नाव आणि साल एवढे तरी आजच विचारून लिहून ठेवा.