बाई, तुमचा गृहपाठ

नववीत रँडच्या वधाचा धडा चालू असताना मी विचारलं होतं, "बाई, पण प्लेग पसरला कसा?" तुम्ही म्हणालात, "शोध आणि मला सांग." ते राहूनच गेलं. मग इंजिनिअरिंग, नोकरी, संसार. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आठवलं.

बाई, उत्तर पॉल-लुई सिमों या फ्रेंच लष्करी डॉक्टरकडे आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच येर्सिनना हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसात शिरतो कसा, हे सिद्ध झालं नव्हतं. १८९७ मध्ये येर्सिनच्या जागी प्लेगविरोधी सीरम टोचायला सिमों मुंबईत आले. काही रोग्यांच्या कातडीवर त्यांना बारीक फोड दिसला आणि त्यात प्लेगचे जंतू मिळाले. हा चावा तर नव्हे? शिवाय नुकता मेलेला उंदीर उचलणारा आजारी पडे, कधीचा मेलेला उचलणारा नाही. मेलेलं अंग गार पडलं की पिसवा ते सोडून जातात!

२ जून १८९८, कराची. मोठ्या बरणीत वाळूवर प्लेगचा उंदीर, त्याच्यावर मांजराच्या अंगावरच्या पिसवा सोडलेल्या. वर जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर. स्पर्श नाही, पण पिसू उडी मारू शकते. खालचा मेला, काही दिवसांत वरचाही गेला आणि त्याच्यात प्लेगचे जंतू निघाले. पिसवा नसताना मात्र शेजारचा निरोगी उंदीर निरोगीच राहिला. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग असाच शोधतो: एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मला तर हा प्रयोग वाचून शहारा आला.

पण बहुतेकांनी त्यांना मोडीतच काढलं. १९०५ पासून मुंबईत नव्या प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत आणि प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवून पाहिले. बारीक जाळीने पिसवांपासून जपलेले वाचले, उघड्यावरचे मेले. तेव्हा कुठे मान्य झालं.

आता पुण्याचं. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. पाठोपाठ सोजीर घरांत घुसले, सामान बाहेर फेकलं, बायामाणसांची विटंबना केली. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. कराचीची बरणी त्यानंतर जवळजवळ वर्षाने. म्हणजे ज्यांची घरं उपसली आणि ज्यांनी उपसली, दोघांनाही खरा गुन्हेगार माहीत नव्हता. सोजिरांच्या अरेरावीला मात्र ही सबब मी देणार नाही.

बाई, तपासून द्या. लाल शाईनेच.